मानेवरचं काळं

माझ्या मुलाची मान मी जवळजवळ दीड वर्ष घासत होते. रविवारी डोक्यावरून आंघोळ असायची, त्या दिवशी तर जास्तच. आधी साबण, मग बेसन-हळद, मग लिंबाची फोड आणि शेवटी नारळाच्या काथ्याची घासणी. मानेच्या मागे, शर्टाची कॉलर बसते तिथे, काळपट जाडसर पट्टा होता. बोट फिरवलं की मखमलीसारखा लागायचा. मला वाटायचं मळ आहे. दिवसभर धुळीत असतो, घाम येतो, नीट अंग चोळत नाही. तो "आई, दुखतंय गं" म्हणून ओरडायचा आणि मी "मान खाली घाल" म्हणत आणखी जोर लावायचे.

त्या पट्ट्याला ॲकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात, हे जुलै २०२३ मध्ये कुडाळच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं. तेव्हा तो सव्वानऊ वर्षांचा होता. उंची १३७ सेंटिमीटर, वजन ४३ किलो.

आमचं गाव मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगत. घराच्या पुढच्या पडवीतच आमचं दुकान आहे. किराणा, थोडी स्टेशनरी आणि थंड पेयांचा फ्रीज. पर्यटकांच्या दिवसांत त्या फ्रीजवरच घर चालतं. घरात सासूबाई, नवरा, मी आणि हा एकुलता एक. घरातलं लाडाचं नाव बाबू, तेच इथे लिहिते.

बाबू आठव्या महिन्यात जन्मला. वजन १ किलो ९०० ग्रॅम. बारा दिवस काचेच्या पेटीत होता आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसून नर्सबाईंना रोज एकच प्रश्न विचारायचे, आज किती वाढलं? वीस ग्रॅम वाढलं म्हटलं की नवऱ्याला फोन, त्याचा आईला फोन. तिथून पुढे आमच्या घरात त्याचं वजन वाढणं ही आनंदाची बातमीच होती. दुसऱ्या वर्षी अंगणवाडीत त्याचा काटा बरोबरीच्या मुलांच्या पुढे गेला, तेव्हा सासूबाईंनी देवासमोर नारळ फोडला. आमच्यात वजनाची भीती होती ती फक्त कमी असण्याची. ती भीती एवढी आत बसली होती की काटा कधी दुसऱ्या बाजूला गेला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सातव्या वर्षी मला थोडी शंका आली होती. तेव्हा एका दवाखान्यात विचारलं, तर उत्तर मिळालं, "वयात आला की उंची वाढेल, आपोआप उतरेल." मला तेच ऐकायचं होतं. मी घरी आले आणि विषय संपवला. त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

मग जून संपता संपता शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या कोकणातूनच, पालघरहून सुरू झाला, त्यातलंच हे पथक. माझी समजूत अशी की ही माणसं फक्त कुपोषित मुलं शोधायला येतात. त्यांच्यातल्या डॉक्टरांनी बाबूचं वजन करण्याआधी त्याची मान पाहिली, काख पाहिली आणि चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी हातात पडल्यावर पहिल्यांदा मला रागच आला. आमचं पोर काय आजारी आहे?

कुडाळच्या मॅडमनी वाढीचा तक्ता टेबलावर पसरला. वजन भागिले उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय, आला २२.९. मोठ्या माणसाच्या हिशेबाने यात काहीच वावगं वाटणार नाही, आणि मी तसं म्हणालेही. त्यांनी समजावलं की मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी पाहूनच वाचायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी तक्ते काढले आहेत, त्यांत दोन रेषा असतात. एक जास्त वजनाची, दुसरी लठ्ठपणाची. बाबूचा ठिपका दुसऱ्या रेषेच्याही वर होता. मी थायरॉईडचं विचारलं. सगळेच पालक आधी हेच विचारतात, असं त्या म्हणाल्या. मूल वयाच्या मानाने उंचीला बरं असेल आणि जाड असेल, तर बहुतेक वेळा ग्रंथींचा दोष नसतो. उंची खुंटून वजन वाढत असेल तर ती शंका घ्यायची.

रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ५.८ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. यकृतावर चरबी साचू लागलेली. नऊ वर्षांच्या पोराच्या यकृतावर! मानेचं कारणही तेव्हाच कळलं. अंगात चरबी वाढली की पेशी इन्शुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन बनवत राहतं. रक्तात वाढलेलं हे इन्शुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, म्हणून मान आणि काख जाड, काळी होते. ती घासून जाणार नाही. मॅडम हे सांगत होत्या आणि बाबू माझ्याकडे बघत होता. बोलला काहीच नाही, नुसता बघत होता.

कमी वजनाच्या बाळाचा आणि याचा संबंधही त्यांनी सांगितला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९० च्या दशकापासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला हलकी जन्मतात, पण त्या लहानशा अंगातही स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते, असं त्यांनी दाखवलं. असं बाळ पुढे झपाट्याने जाड झालं तर साखरेचा धोका वाढतो. म्हणजे आम्ही ज्याला भरपाई समजत होतो, तीच त्याला जड गेली. त्यात सासऱ्यांना मधुमेह होता. पायाचा अंगठा काढावा लागला होता, तो पाय मी लग्नानंतर पाहिला आहे.

पुढचा महिना मी जे केलं ते सगळं चुकलं, ते सविस्तरच सांगते. माझ्यासारखीच सुरुवात बरेच जण करत असतील.

मी त्याचं ताट वेगळं केलं. आम्हाला भात, रव्यात तळलेली सुरमई, सोलकढी. त्याला दोन चपात्या, काकडी आणि उकडलेली फरसबी. दुकानातल्या कशाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. रोज सकाळी दुकानातल्या काट्यावर उभं करायचे. शंभर ग्रॅम वाढले तरी माझा आवाज चढायचा. "बघ, त्या समोरच्या मुलाकडे बघ" हेही बोलून झालं. नवरा तेव्हा म्हणायचा, "तुझं तू बघ, मी दुकान बघतो," आणि मी नसताना त्याच्या हातात वेफर्सचं पाकीट ठेवायचा. सासूबाईंचं तर घरात युद्धच. "पोराक उपाशी मारतलंस काय गो? खातापिता पोरगो हा, नजर लावू नको." बाबू मधल्या मधे. जेवताना खाली मान घालून बसायचा.

एक दिवस गादीला ऊन दाखवायला म्हणून उचलली, तर खाली बिस्किटांची रिकामी वेष्टनं. अठरा मोजली. प्रत्येक नीट चपटं करून, चार घड्या घालून ठेवलेलं, उंदरांनी आवाज करू नये म्हणून की काय कोण जाणे. एवढंसं पोर आमच्याच घरात चोरून खात होतं आणि पुरावा लपवायला इतकी काळजी घेत होतं. मी तिथेच पलंगावर बसून रडले. त्याला ओरडले नाही, तेवढी एकच गोष्ट त्या महिन्यात बरोबर केली.

दुसऱ्या भेटीत वजन ४३ किलो ८०० ग्रॅम. मॅडम रागावल्या नाहीत. बाबूला बाहेर माशांच्या काचेच्या टाकीजवळ बसवलं आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "आता तुम्ही दोघं काट्यावर उभे राहा." नवरा ८६ किलो, मी ७१. मग त्यांनी वही करायला सांगितली. सात दिवस घरातल्या प्रत्येकाने काय, किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहायचं. आणि तोवर मुलाच्या खाण्याबद्दल, वजनाबद्दल त्याच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही.

उधारीच्या वहीची मागची पानं घेतली. सात दिवसांनी ती पानं वाचली आणि मला आमचं घर पहिल्यांदा दिसलं. सकाळी दुधात चॉकलेटी पावडर दोन चमचे, वर साखर एक चमचा, सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. शाळा एक किलोमीटरवर, तरी मोटरसायकलवरून. डब्यात जॅम-चपाती किंवा नूडल्स. शाळा सुटली की फ्रीजमधून एक बाटली. आमचा चहा झाला की त्याच्या हातात खारी. दुकान साडेदहाला बंद, म्हणून सगळ्यांचं जेवण अकराच्या सुमाराला, समोर मोबाईल. मग आजीच्या डब्यातलं खाजं. झोप साडेअकराला, उठणं साडेसहाला. या वयाला नऊ तासांच्या खाली झोप असू नये आणि झोप तुटली की भूकही बिघडते, हे मला माहीतच नव्हतं. त्या पानांवर त्याने स्वतःच्या मनाने आणलेली एकही वस्तू नव्हती. सगळं आम्हीच हातात दिलेलं.

बाटलीचा हिशेब नवऱ्याने केला. तो दुकानदार, आकडे त्याला पटकन दिसतात. लेबलावर दर १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. २५० मिलीची बाटली म्हणजे सव्वीस ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत हवी. बाबूच्या वयाला पाच टक्के म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास. एका बाटलीतच दिवस उलटून जात होता. नवरा बराच वेळ फ्रीजसमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने फ्रीज पडवीच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून हलवला आणि कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात. मी सांगितलं नव्हतं.

वेगळं ताट त्याच दिवशी बंद केलं. आता सगळ्यांना एकच जेवण, आणि मुलाचं पावणेआठला, आमच्यापैकी एकाबरोबर. दुकान त्या वेळी दुसरा सांभाळतो. मासे रोज, पण तळलेले फक्त रविवारी. एरवी बांगड्याचं तिखलं, तारल्यांचं सुकं, खोबरं निम्मं. कुळथाची पिठी, मुळ्याची, लाल माठाची भाजी. भात बंद केला नाही, मॅडमनीच नको म्हटलं होतं. वाटी ठरवली, आणि ताटात आधी भाजी-आमटी, मग भात. दुधात पावडर बंद. पुढे एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका म्हणून सांगितल्याची बातमी नवऱ्यानेच मला वाचून दाखवली.

कोकम सरबताचं मात्र मला फार लागलं. आमच्या माहेरी, रत्नागिरीला, रातांब्याच्या साली साखरेत घालून उन्हात ठेवलेल्या बरण्या म्हणजे मेची ओळख. कोकम पित्ताला चांगलं म्हणून मी त्याला दोन-दोन ग्लास द्यायचे. पण तो साखरेचाच पाक. आता घरात आगळ आहे, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. पाण्यात दोन चमचे आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाबूने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, आठव्या दिवशी स्वतः मागितलं.

सासूबाईंना कसं समजवायचं हे मला कळत नव्हतं. वाद घालून काही उपयोग नव्हता. पेजेवर दिवस काढलेली बाई, नातवाच्या ताटात कमी वाढणं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. एका दुपारी त्या बाबूच्या डोक्याला तेल लावत होत्या. मी समोर तांदूळ निवडत बसले होते. त्यांचं बोट मानेवर थांबलं. खूप वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेंची मान पण अशीच काळी होती गो. मी म्हणी, दर्यावरच्या उन्हान झाली." सासऱ्यांबद्दल बोलत होत्या. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर उकड्या तांदळाची पेज होती, सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. बाबूच्या पुढ्यात ताटली ठेवून त्या स्वतःही शेजारी बसल्या. खाज्याचा डबा कुठे गेला ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

हालचालीचं काम नवऱ्याने घेतलं. मॅडमनी रोज निदान एक तास घाम येईल असं खेळणं सांगितलं होतं. आधी मोटरसायकल बंद, शाळेला चालत, दोघंही. पहिला आठवडा बाबू अर्ध्या वाटेत दम लागून उभा राहायचा. त्यालाही थांबायला बरं वाटावं म्हणून नवरा चपलेचा पट्टा नीट करत बसायचा. नारळी पौर्णिमेनंतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याची मासेमारी, सुरू झाली. नवऱ्याचे चुलत भाऊ रापणीवर असतात. रविवारी पहाटे बाप-लेक किनाऱ्यावर दोर ओढायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी मीही गेले. बाबू दोराच्या अगदी शेवटाला, टाच वाळूत रुतवून, मागे रेलून ओढत होता. शाळेत त्याला पळता येत नाही म्हणून कुणी संघात घेत नसे. इथे मात्र काकाने ओरडून सांगितलं, "बाबू, तू मागे रव, तुझो भार होयो!" त्याचं वजन कुणाला तरी हवं होतं. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्याच्या वाट्याला पाच पेडवे आणि मोरी माशाचं एक लहानसं पिल्लू आलं, ते सगळं त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरून घरापर्यंत आणलं.

घरातली आमची भाषाही बदलावी लागली. 'ढोल्या' आम्ही लाडाने म्हणायचो. तो शब्द मुलं शाळेतही वापरतात आणि तिथे त्यात लाड नसतो, हे त्याने एका रात्री अंधारात सांगितलं. सकाळचं वजन बंद झालं. काटा फक्त कुडाळला, दोन महिन्यांनी. मुलाच्या वाढत्या वयात वजन उतरवायची घाई करायची नाही, वजन थोपवून धरायचं आणि उंचीला वाढू द्यायचं, हा मॅडमचा हिशेब. ते कळल्यावर माझ्या जिवाचा निम्मा घोर गेला.

सगळं सरळ झालं असं नाही. १९ सप्टेंबरला गणपती आले आणि पाच दिवसांत सगळी घडी विस्कटली. उकडीचे मोदक, घरोघरच्या भजनांचा चहा, उसळ-पाव, रात्रीची जागरणं. मी मोदक मोजायला लागले, मग स्वतःलाच थांबवलं. सणाचे पाच दिवस सणाचे, बाकीचे तीनशे साठ आपले, असं नवरा म्हणाला आणि ते मला पटलं. मे महिन्यात आंब्याचं तसंच. दिवसाला एक हापूस, फोडी करून, आमरसाची वाटी नाही. मामाकडे गेला तेव्हा चार खाल्ले. खाऊ दे.

दुकानाबद्दल मन मात्र अजून खातं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. आमचं दुकान त्याहून लांब, म्हणजे नियमात बसतं. पण माझ्या मुलाच्या हातातून काढून घेतलेलं पाकीट मी दुसऱ्याच्या मुलाच्या हातात पाच रुपयांना ठेवायचं? दर्शनी लटकणाऱ्या पाकिटांच्या माळा आम्ही काढून आतल्या फळीवर ठेवल्या. पुढे वेलची केळी, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे. गल्ला कमी झाला, खोटं कशाला सांगू. पर्यटकांचा फ्रीज चालूच आहे, त्याशिवाय भागत नाही. याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही.

जुलै २०२४ मध्ये एक वर्ष झालं. उंची १४३, वजन ४३ किलो ५०० ग्रॅम, बीएमआय २१.३. ठिपका लठ्ठपणाच्या रेषेपाशी आलाय, अजून पुष्कळ उतरायचं आहे. एचबीए१सी ५.५. नवरा ७९ वर आहे, मी ६६. मानेवरचा पट्टा फिका झाला आहे, गेलेला नाही. वेळ लागेल, असं मॅडम म्हणाल्या.

त्या दिवाळीला नरकचतुर्दशीच्या पहाटे मी त्याला उटणं लावायला बसवलं. आता तो दहा वर्षांचा, आईकडून अंघोळ घालून घ्यायला लाजतो, पण त्या दिवसापुरतं चालतं. पाठ झाली, दंड झाले. हात मानेकडे गेला तसे त्याचे दोन्ही खांदे कानापर्यंत वर आले. मी हात तसाच धरून ठेवला. "घासत नाहीये रे," म्हटलं. थोड्या वेळाने खांदे खाली आले. मग मी तळव्यावर तेल घेतलं आणि त्या काळ्या पट्ट्यावरून अलगद हात फिरवत राहिले, पाणी गार होईपर्यंत.